साल फिटलं

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा भोंगा झाला, भट्टीवाल्यानं कोळसा सारखा केला, ओतकामाचे साचे करणारी माणसं आपापल्या वाळूच्या ढिगापाशी उकिडवी बसली, आणि सयाजीरावांच्या लक्षात आलं की खिडकीखालची जागा मोकळी आहे. तसं पाहिलं तर एखाद्या माणसानं सणाच्या दुसऱ्या दिवशी दांडी मारणं यात नवल ते काय? पुरणाच्या पोळ्या अंगावर येतात, गावाकडची एस.टी. चुकते, कुणाच्या घरी पावणे उठत नाहीत. कामगार अधिकारी म्हणून इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे सगळं पाठ. पण ती जागा लालासाबची होती, आणि लालासाबची जागा अशी कधी मोकळी पाहिलेली त्यांना आठवेना. वाळू नीट ओढून सारखी केली होती. थापी, सळई, फुंकणी, सगळं पुसून भिंतीला लावून ठेवलं होतं. उद्या येणारा माणूस हत्यार असं पुसून ठेवत नाही, असं त्यांच्या मनात उगाचच येऊन गेलं.

"लालासाब आले नाहीत?" त्यांनी शेजारच्या बाळासोला विचारलं.

बाळासो साच्यातली वाळू ठोकत होता. त्यानं मान वर केली नाही. "काल जेवाय तुमीच घातलासा न्हवं त्येला?"

"हो. मग?"

"मग आज कशाला यील त्यो?"

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "साहेब, फुडल्या सणाला कुणाचा लंबर हाय त्येवढं आदी सांगून ठेवा बरं का. म्या आपला घरातनंच जेवून येतो." दोघंतिघं हसले. एरवी या शेडमध्ये हसणं म्हणजे पत्रे हालायचे. हे हसणं तसं नव्हतं. ते दातांच्या मागंच राहिलं. सयाजीरावांना काही उमगेना. त्यांनी बाळासोचा दंड धरून त्याला उभा केला. अंगाला जळक्या मळीचा तो गोडसर वास. वाळू चिकट व्हावी म्हणून तिच्यात साखर कारखान्याची मळी कालवतात, आणि तापलं लोखंड पडलं की सगळ्या शेडभर कुणाच्या तरी घरात पाक करपल्यासारखा वास भरून राहतो. त्या वासात बाळासो अंगणातल्या म्हाताऱ्यासारखा सावकाश बोलला. "साहेब, तुमी पाटलाच्या घरातलं. तुमास्नी ठावं नसंल असं कसं म्हणायचं? आमच्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल फिटतंय. पाडवा ते पाडवा. ठेवायचा असला तर मालक त्येच्या हातात कासरा देतोय. धर म्हणतोय, संपलं. आन् काढायचा असला तर सणाच्या दिवशी तोंडानं 'जा' म्हणत न्हाईत. अपशकून असतोय. मग घरात बोलवायचं, सोप्यात पाटावर बसवायचं, पोटभर पोळी घालायची, अंगावर पटका टाकायचा. गडी वळखतोय. पाया पडतोय आन् जातोय." तो परत खाली बसला. "लालाचाचा उभ्या जवानीत आजऱ्याकडं गडीच हुता की वो. त्येला काय पटका कळत न्हाय?"

सयाजीराव आपल्या खोलीत येऊन बसले. टेबलावर काच होती, काचेखाली रामाची तसबीर. बाहेर भट्टीचा आवाज वाढत गेला. त्यांना वाटलं, छे, असं कसं होईल? काल तर सगळं किती चांगलं झालं होतं! आणि काल आठवायला गेले तसं काल एकेक पायरी उतरत परत आलं. पण आता ते त्यांच्या बाजूनं येईना. पाटावर बसलेल्या माणसाच्या बाजूनं यायला लागलं.

त्याचं मूळ पुण्यात होतं. थंडीच्या दिवसांत कामगार अधिकाऱ्यांचं एक शिबिर झालं. तिथं एक गोरेसे, गोड आवाजाचे प्राध्यापक म्हणाले होते, सण हा कामगाराच्या मनाचा दरवाजा आहे. पगारानं माणूस कामावर येतो, पण मानानं तो आपला होतो. सयाजीरावांना ते वाक्य कीर्तनातल्या धृपदासारखं लागलं. आधीच मन हळवं. इथल्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या राममंदिरात चैत्रातली नऊ दिवसांची कीर्तनं त्यांनी कधी चुकवली नाहीत. बुवांनी आख्यान लावलं की यांच्या डोळ्यांना धार. लोक चेष्टा करायचे, लेबर साहेबांना रडवायला संप कशाला करायला पाहिजे, टाळ वाजवला की झालं. पुण्याहून परत आल्यावर त्यांनी हंबीररावांना सांगितलं. हंबीरराव म्हणजे कारखान्याचे मालक. आडवा माणूस, पण ऐकून घेणारा. ते म्हणाले, "झकास की रे! पाडव्यानंतरच्या रविवारी आपल्या कारखानदारांची बैठक हाय. तिथं तूच बोल. पाडवा आन् आपला कामगार. सगळ्यास्नी कळू दे आपला माणूस पुण्याला जाऊन काय शिकून आलाय." तेव्हापासून सयाजीराव चालता बोलता भाषण जुळवत होते. कडुलिंबाचा पाला आणि गूळ: कडू सांगायचं ते गोडात घालून सांगावं. गुढीचा तांब्या: वर गेलेल्यानं पालथं व्हावं, म्हणजे नम्र व्हावं. गुढीची काठी: सरळ असावी. एकेक कल्पना सुचली की त्यांना आपलंच कौतुक वाटे. नुसतं बोलून काय उपयोग, आधी करून दाखवावं, म्हणून त्यांनी ठरवलं, दर सणाला एक कामगार घरी जेवायला. पहिला मान सगळ्यांत जुन्या माणसाला.

लालासाबला त्यांनी भट्टीजवळ गाठून सांगितलं होतं, "लालासाब, परवा पाडव्याला घरी यायचं. जेवायलाच." लालासाब खोकत होता. दोन वर्षांमागच्या दुष्काळापासून तो खोकला त्याच्या छातीत मुक्कामाला आलेला. खोकला थांबल्यावर त्यानं फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला, "घरात?" सयाजीराव हसले. "घरात नाही तर काय रस्त्यावर? आमच्या मंडळींनी मुद्दाम सांगितलंय." लालासाबनं नुसती मान हलवली. त्या दिवसांत शेडमध्ये कुजबूज होतीच. साचे ठोकायचं यंत्र येणार, यंत्रासाठी खिडकीकडची जमीन खणणार, आठ माणसांचं काम एक माणूस करणार. सयाजीरावांना यंत्राचं माहीत होतं. माणसांचं पुढं काय, ते हंबीररावांनी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. न विचारलेल्या गोष्टी माणसाला जड होत नाहीत. निदान बरेच दिवस होत नाहीत.

काल लालासाब आला तो धुतलेला सदरा घालून. दाराशी वहाणा काढल्या त्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून. सयाजीरावांच्या पत्नीनं, शालूबाईंनी, पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी. "या भाऊ, बसा," त्या म्हणाल्या. पाट बघितल्यावर तो उभाच राहिला. "खालीच बसतो की वयनी." "अहो, आज तुमचा मान!" सयाजीरावांनी त्याला खांद्याला धरून बसवला. तो खांदा सदऱ्याच्या आत किती बारीक झाला होता, ते काल कळलं नव्हतं. आज इथं, टेबलाशी बसल्यावर, हाताला कळलं. जेवताना तो मुकाट खाली बघून जेवला. पोळीवर तूप पडलं तरी त्यानं पाण्याच्याच घोटाबरोबर ती उतरवली. मधेच त्यानं विचारलं होतं, "साहेब, काम बरं झालं न्हवं माज्या हातनं? एवढी वर्सं?" "फार चांगलं झालं, लालासाब," सयाजीराव म्हणाले होते. झालं! जे चालू आहे त्याला कुणी 'झालं' म्हणतं का? पण तेव्हा कानाला ते खटकलं नाही. कानात दुसराच नाद होता, स्वतःच्या चांगुलपणाचा. "माजं काय चुकलं तर न्हाय?" "चुकायचं काय त्यात?" आणि मग शालूबाईंनी तबकातून पटका आणला. केशरी रंगाचा, कडक इस्त्रीचा. सयाजीरावांनी स्वतः तो त्याच्या खांद्यावर ठेवला. लालासाबनं पटक्याची घडी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, आणि वाकून पायांना हात लावला. वयानं एवढा मोठा माणूस! "अहो, हे काय, हे काय," म्हणत ते मागं सरकले. पण आतून त्यांना भरून आलं होतं. सण हा मनाचा दरवाजा आहे. लालासाब दाराबाहेर पडला, वहाणा घातल्या, एकदा वळून घराच्या गुढीकडं बघितलं आणि गेला. शालूबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या, "का हो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं." "आनंदाचं," सयाजीराव म्हणाले होते.

दुपारी ते हंबीररावांपुढं जाऊन उभे राहिले. हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं. आधी कपाळाला आठ्या, मग डोळे बारीक, आणि मग मांडीवर अशी थाप मारली की चहाची बशी उडाली.

"आयला सयाजी! म्हंजे आपण हून गेला?"

"गैरसमजानं गेला, मालक. मी आणतो परत."

"आणतोस कशाला? लेका, यंत्र येतंय. पहिला नंबर त्याचाच हुता. खोकणारा माणूस, उद्या काय झालं तर आपल्या गळ्यात. कसं सांगावं ह्याची मी वाट बघत हुतो, आन् तू एका पोळीत काम केलंस! ना बोंब, ना युनियन." ते खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं. हंबीरराव कपटी नव्हते, तोच तर घोळ होता. "हे भाषणात सांग रविवारी. जुनी माणसं येडी न्हवती. गोडीगुलाबीनं माणूस कसा काढावा ह्याचं शास्त्रच करून ठेवलंय की त्यांनी."

"मी त्याला काढलं नाही, मालक."

"न्हाई तर न्हाई. आणायचा तर आण जा. पण पाया खणला की परत तूच काढायचास. आन् तवा पोळी चालणार न्हाय."

बाहेर पडताना त्यांच्या पायांना वाळू लागली. त्यांना वाटलं, आपण रागवायला हवं होतं. राग आलाच नाही. आलं ते काहीतरी ओशाळं, ओलसर, पावसात भिजलेल्या घोंगड्यासारखं. खिडकीखालच्या जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. चौकोन. सकाळी त्या नजरेस आल्या नव्हत्या. कधी मारल्या? परवाच असतील. लालासाब त्या चौकोनातच बसून पाडव्याच्या आदल्या दिवसाचे साचे करत होता म्हणजे.

संध्याकाळी सवयीनं पाय राममंदिराकडं वळले. समया लागल्या होत्या, पेटीवाल्यानं सूर धरला होता, बायकांच्या बाजूला पोरं पेंगत होती. बुवा उंच, सडसडीत. आवाज मोठा नाही पण असा की शेवटच्या खांबाला टेकलेल्या माणसाला वाटावं, हे मलाच सांगतायत. त्यांनी पूर्वरंगात गुढीच घेतली. "काल घराघरावर गुढी उभारलीत ना? तांब्या कसा ठेवलात? पालथा! अहो, वर्षभर आमचं हेच चाललंय. देव वरून ओततोय, ओततोय, आणि आमचा घडा पालथा. एक थेंब आत जाईल तर शपथ!" मंडळी हसली. सयाजीरावही हसले, पखवाजाचा ठेका पडला तसं त्यांचं मन मोकळं होऊन थोडं तरंगलं. आणि मग बुवा आवाज उतरवून, जसं बोलता बोलता, म्हणाले, "पान वाढणं सोपं असतं हो. बसलेल्याच्या घशात काय अडकलंय, ते बघणं अवघड. ते एक देव बघतो, नाहीतर आई बघते. बाकीचे आपण सगळे तुपाची धार बघतो." एवढंच. पुढं अभंग लागला. पण सयाजीरावांच्या आत काहीतरी निसटलं, आणि चिपळ्यांच्या आवाजाखालून, कुठल्या कुठं बुजून गेलेलं, एक घर वर आलं.

गावाकडचं घर. ते पाच-सहा वर्षांचे. गोठ्यात दिलदार असायचा. आबांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, सालगडी. दिलदारच्या खांद्यावर बसून त्यांनी पहिल्यांदा जत्रा बघितली. त्याच्या पाठीला बैलांचा आणि विडीचा वास यायचा आणि तो वास म्हणजे कशालाच भ्यायचं नाही असं होतं. दिलदार कायम गोठ्यात जेवायचा. भाकरी हातावर. छोट्या सयाजीला ते आवडायचं नाही. आणि एका पाडव्याला, कायतरी चमत्कार झाल्यासारखा, आबांनी दिलदारला सोप्यात बोलावलं. आपल्या शेजारी पाटावर बसवलं. पितळेचं ताट! सयाजीला एवढा आनंद झाला की तो घरभर नाचला. त्यानं स्वतःच्या मुठीनं दिलदारच्या ताटात गूळ वाढला. "खा की, दिलदारदादा, खा की!" दिलदारनं तो गूळ तोंडात घातला आणि त्याच्याकडं बघितलं. कसं बघितलं? ते डोळे त्यांना आज मंदिरात, समईच्या उजेडात, स्वच्छ दिसले. दुसऱ्या दिवशी गोठ्यात दुसरा माणूस होता. "दिलदार कुठाय?" "गावाला गेलाय," आई म्हणाली. मग शाळा, मग कोल्हापूरचं बोर्डिंग, मग आबांनी शेत वाट्यानं लावलं. दिलदार गावाला गेला तो गेलाच. पण ते जेवण मनात राहिलं. माणसानं माणसाला दिलेला सगळ्यांत मोठा मान म्हणून राहिलं. आयुष्यभर त्यांनी ते जपलं, कुणाला न सांगता. पुण्याच्या प्राध्यापकांचं वाक्य त्यांना एवढं का लागलं? ते आत आधीच बसलेलं होतं म्हणून. लालासाबला पाटावर बसवताना ते दिलदारलाच परत बसवत होते. आणि दोन्ही वेळा त्यांना आनंदच झाला होता. देवा रे, दोन्ही वेळा.

शेजारी टेकलेल्या म्हाताऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "लई भिडलं व्हय, साहेब?" सयाजीरावांनी मान हलवली. सगळ्यांना वाटलं, कीर्तनाचंच रडू.

रविवारी ते बैठकीला गेले नाहीत. शालूबाईंनी भाषणासाठी कोट काढून ठेवला होता. तो खुंटीवर राहिला आणि ते सकाळच्या एस.टी.नं लालासाबच्या गावाकडं, आजऱ्याला निघाले. "मालक काय म्हणतील?" शालूबाईंनी दारात विचारलं. "काय म्हणायचं ते म्हणतील." "आणि लालासाब आलेच नाहीत तर?" ते बुटाचे बंद बांधत राहिले. गाडीत गर्दी, कोंबड्या, माहेरहून निघालेल्या पोरी. वाटेत ते मनात वाक्यं जुळवत होते, जशी भाषणाची जुळवली होती. लालासाब, चूक माझी. लालासाब, तुम्हाला कुणी काढलेलं नाही. मग चुन्याचा चौकोन समोर यायचा आणि वाक्य मधेच मोडायचं. परत आणायचं तर कशात आणायचं? आज आणायचं आणि दिवाळीला सांगायचं, जा? मग आज का जायचं? तर एवढ्यासाठी, की त्या माणसाला वाटत असेल, एवढी वर्षं घासली आणि शेवटी एका पोळीवर वाटेला लावला. आणि ते खोटं आहे. खोटं आहे ना? मालकाच्या मनात होतंच की. मग लालासाबलाच बरोबर कळलं होतं का? पाटावर बसल्या बसल्या त्यानं जे ओळखलं, ते खरं तर सगळं खरंच होतं, फक्त ज्यानं बोलावलं होतं त्यालाच ते माहीत नव्हतं. गाडी वळणं घेत होती. उघड्या खिडकीतून पिकलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास आला, आणि त्यांनी काच ओढून घेतली.

त्याची वाडी आजऱ्याच्या पुढं, चालत जाण्याजोगी. घर विचारावं लागलं नाही. "लालासाबचं पावणं काय? ह्ये काय फुडं," असं म्हणत एका बाईनं दारापर्यंत आणून सोडलं. बिबीजान, लालासाबची बायको, अंगणात वाळवण राखत बसली होती. कोण, ते तिला कपड्यांवरून कळलं. तिनं पदर सारखा केला, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. आणि परत वाळवणापाशी बसली. मग म्हणाली, "शेतात हाईत. गणपतरावांच्यात साल धरलंय."

"साल धरलं? कधी?"

"पाडव्यालाच की. सांजच्याला गाडीतनं उतरलं, घरात बी न्हाईत आलं. तसंच गणपतरावांच्या दारात. म्हणलं, गुढी उतरायच्या आत कुटं तरी धराय पायजे, न्हाई तर साल मोकळं जातंय." ती वाळवणावरची माशी हाकत राहिली. "म्या इचारलं, काय केलासा म्हणून काढलं? एवढी वर्सं झाली, काय चोरी केलासा काय, का कुणाला हाणलासा? म्हणत्यात, काय न्हाय केलं. काय न्हाय केल्याबिगार कोण काढतंय वो? चार दीस झालं, ह्या घरात कुणी कुणाशी बोलत न्हाय."

सयाजीराव उठले. बांधावरून जाताना त्यांच्या बुटांत माती जात होती. लालासाब बैलांमागं होता. लांबून बघितलं तर कुणीही असावं, एक वाकलेला माणूस. मग तो खोकला, आणि तो लालासाब झाला. त्यानं बैल थांबवले, कपाळावरचा घाम पुसला. डोक्याला जुनंच, धुरानं काळवंडलेलं फडकं होतं.

"साहेब? तुमी? हिकडं?"

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तोंडाला आलं नाही. "लालासाब, मी तुम्हाला काढलं नव्हतं हो."

लालासाबनं कासरा या हातातून त्या हातात घेतला.

"जेवायला बोलावलं होतं. नुसतं जेवायला. सण म्हणून. मला... साल फिटायची ती रीत मला ठाऊक नव्हती. मान करायचा म्हणून बोलावलं होतं."

"नुसतं जेवाय?"

"नुसतं जेवायला."

"मग पटका?"

"तोही मानाचाच."

त्या चेहऱ्यावर काय होत गेलं, ते सयाजीरावांना पुढं कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. आधी काहीच नाही. मग ओठ हलले, मग गालांच्या सुरकुत्या, आणि मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांना पाणी आलं, आणि तो बैलाच्या मानेवर हात टेकून तसाच हसत राहिला. "तरी म्या म्हणतोय! तरी म्या म्हणतोय, साहेब तसलं न्हाईत! आमी आपलं येडं खुळं, उगंच पळून आलो की वो!"

"चला मग. आत्ताची गाडी आहे." हे आपण का म्हणालो, ते त्यांना कळलं नाही.

लालासाबनं जीभ चावली. "आता कसं? शबूद दिलाय. गणपतरावांचा कासरा हातात घेतलाय." त्यानं तो कासरा थोडा वर करून दाखवला, साहेबांना खरं वाटावं म्हणून. "पाडव्यापातूर न्हाय सोडता येत. अल्लाला काय तोंड दावू? पण एक करा साहेब. साल फिटलं की येतो. खिडकीखालची जागा तेवढी ठेवा माजी. ठेवशीला न्हवं?"

ऊन वर आलं होतं. सयाजीरावांच्या डोळ्यांपुढं पांढऱ्या रेघा आल्या, रेघांच्या आत खणलेली जमीन, तिच्यात ओतलेलं सिमेंट. आता सांगावं. कडू आहे, पण सांगावं. नाहीतर आपण आणि आपला मालक यांत फरक तो काय राहिला? त्यांनी तोंड उघडलं. समोरचा माणूस मान थोडी कलती करून, कारखान्यात भोंग्याकडं कान लावायचा तशी, उत्तराची वाट बघत होता.

"ठेवतो की," सयाजीराव म्हणाले.

लालासाबनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. मग हे सुख एकट्याला पेलेना म्हणून की काय, तो बैल तिथंच सोडून बांधावर चढला. "गणपतराव! ओ मालक! काढलं न्हवतं मला! साहेब सोता आल्यात सांगाय!" पलीकडच्या शिवारातून कुणीतरी काय म्हणून ओरडलं, तसा तो तिकडं धावला. "नुसतं जेवाय बोलवलं हुतं! मान हुता त्यो, मान!" घराच्या बाजूनं बिबीजान बांधावर येऊन उभी राहिली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग बराच वेळ सयाजीरावांच्या तोंडाकडं बघितलं. आणि हळू, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "खरं असू द्या न्हाई तर खोटं. म्या इचारत न्हाय. पर कुणी इचारलं तर असंच सांगा, साहेब."

लालासाबचा आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जात होता, खोकल्यानं तुटत होता, परत जुळत होता. कामाला वाकलेली माणसं एकेक करून उभी राहिली. हातानं ऊन आडवत ती शहरातून आलेल्या साहेबांकडं बघत होती, खरं काय म्हणून विचारल्यासारखी; आणि सयाजीराव ढेकळांत उभे राहून प्रत्येकाला मान हलवून सांगत होते, व्हय, व्हय.